ऑटोमॅटिक गिअरची नाडीपरीक्षा

या देशात आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची पहिली गाडी जुनी असते. विद्यार्थिदशेत चौघांनी वर्गणी काढून घेतलेली, किंवा भारतात परत निघालेल्या कुणा मित्राने जाताजाता गळ्यात मारलेली. पुढे परिस्थिती सुधारते, दारात नवी गाडी येते. तरी एक जुनी गाडी घरात राहतेच. मुलाला ड्रायव्हिंग शिकवायला ती लागते, आईबाबा सहा महिन्यांसाठी आले की लागते, बर्फाच्या दिवसांत नवी गाडी खराब होऊ नये म्हणूनही लागते. अशा गाडीच्या बारीकसारीक दुखण्यांना आपण सरावलेले असतो. ब्रेक झिजले, बदलले. बॅटरी गेली, नवी आणली. पण दुकानाच्या काउंटरवरचा माणूस चष्मा कपाळावर सरकवून "ट्रान्समिशन" हा शब्द उच्चारतो तेव्हा भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. कारण त्या शब्दामागून येणारा आकडा पुष्कळदा गाडीच्या किमतीपेक्षाही मोठा असतो.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर. डॉक्टरेट यंत्रांच्या नियंत्रणशास्त्रातली, आणि वास्तव्य डेट्रॉईटच्या पश्चिमेकडच्या उपनगरात. या तीन गोष्टींचा परिणाम असा, की मंडळातल्या कुणाच्या गाडीचा गिअर अडला की फोन माझ्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत त्या फोनांवर जे पुन:पुन्हा सांगावे लागले ते एकत्र लिहून काढावे, म्हणून हा लेख. हा वाचून कुणी घरच्या गराजमध्ये ट्रान्समिशन उघडून बसावे अशी अपेक्षा नाही. दुखणे कोठे असावे याचा अंदाज घेता यावा, आणि दुकानात गेल्यावर योग्य प्रश्न विचारता यावेत, एवढाच हेतू.

आरंभीच एक मर्यादा सांगतो. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत पट्ट्याची सीव्हीटी किंवा दुहेरी क्लचची पेटी असते, आणि विजेच्या बहुतेक गाड्यांत तर बदलायला गिअरच नसतात. पुढील विवेचन जुन्या, तेलावर चालणाऱ्या, ठरावीक चार-पाच-सहा गिअर असलेल्या ऑटोमॅटिकचे आहे. रस्त्यावर अशा गाड्या अजून भरपूर आहेत, आणि आपल्याकडे नेमक्या त्याच असतात.

पेटीच्या आत

घाऊक प्रमाणावर बनलेले पहिले संपूर्ण ऑटोमॅटिक ट्रान्समिशन म्हणजे जनरल मोटर्सचे हायड्रामॅटिक. ते १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत मिळू लागले. १९५३ मध्ये लिव्होनिया येथील त्याचा कारखाना आगीत भस्मसात झाला, तेव्हा कंपनीने ते काम विलो रन येथील प्रचंड कारखान्यात हलवले. युद्धकाळात याच इमारतीत फोर्ड कंपनी बी-२४ बॉम्बर विमाने बांधत असे. तेथे २०१० पर्यंत ट्रान्समिशन बनत होती. माझ्या घरापासून ही जागा फार दूर नाही. त्यामुळे या विषयाबद्दल मला थोडासा ग्रामाभिमानही आहे.

आपण भारतात गाडी शिकलो ती डाव्या पायाने क्लच दाबून. इंजिन आणि चाके यांची फारकत करायची, गिअर बदलायचा, मग पुन्हा हळूच गाठ घालायची. ऑटोमॅटिकमध्ये पहिले काम टॉर्क कन्व्हर्टर करतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. हाताने तो धरून ठेवला तरी पहिला बंद पडणार नाही. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याऐवजी तेल असते. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरच्या पेटीला, आणि परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देणारे तिसरे चक्र मध्ये. म्हणून सिग्नलला आपण ब्रेक दाबून उभे असतो तरी इंजिन चालू राहते. दोन पंख्यांत थोडी घसरण कायम असते आणि ती पेट्रोल खाते. त्यामुळे साधारण १९८० नंतरच्या बहुतेक गाड्यांत, वेग स्थिरावला की दोन्ही पंखे एका क्लचने एकमेकांना घट्ट बांधले जातात. याला लॉकअप म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

दुसरा भाग ग्रहमालेसारखा. मध्ये सूर्यचाक, त्याभोवती फिरणारी ग्रहचाके, आणि सर्वांना वेढणारे आतून दाते असलेले कडे. यांपैकी एकाला फिरवायचे, दुसऱ्याला रोखून धरायचे, तर तिसऱ्याचा वेग ठरतो. कोणाला रोखायचे आणि कोणाला कोणाशी जोडायचे हे बदलले की गिअर बदलला. दातांची चाके मुळीच हलवावी लागत नाहीत. हे रोखण्याचे व जोडण्याचे काम चकत्यांचे क्लच आणि पोलादी पट्टे करतात, आणि त्यांना आवळण्याची ताकद तेलाच्या दाबातून येते.

तिसरा भाग व्हॉल्व्हबॉडी. ही ॲल्युमिनियमची एक पाटी असते. तिच्यात वारुळासारखे मार्ग कोरलेले, आणि त्यांत मागेपुढे सरकणारे छोटे व्हॉल्व्ह. जुन्या काळी हा तेलाने चालणारा संगणकच होता. गाडीचा वेग एका दाबाच्या रूपाने यायचा, पायाचा जोर दुसऱ्या दाबाच्या रूपाने, आणि दोहोंच्या रस्सीखेचीत गिअर ठरायचा. पुढे हे निर्णय खरोखरीचा संगणक घेऊ लागला. तो सोलेनॉइड नावाच्या विजेच्या छोट्या तोट्या उघडझाप करून तेल इकडून तिकडे वळवतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. बिघाड तीन निरनिराळ्या पातळ्यांवर होऊ शकतो: विजेच्या, तेलाच्या, किंवा झिजणाऱ्या भागांच्या. पहिल्या दोन पातळ्यांवरचे बरेचसे बिघाड पेटी गाडीतून न उतरवता दुरुस्त होतात. तिसऱ्या पातळीवरच्या बिघाडाला पेटी उतरवून उघडावी लागते. तेव्हा निदान म्हणजे मुख्यत: बिघाडाची पातळी ओळखणे. काहीशे डॉलर आणि काही हजार डॉलर यांतला फरक तेथे आहे.

आधी तेल

वैद्य आधी जीभ पाहतो, तसे आपण आधी तेल पाहावे. या पेटीत तेल एकाच वेळी चार कामे करते: शक्ती वाहून नेणे, क्लच आवळणे, वंगण आणि थंडावा. ते कमी पडले की चारही कामे एकदम बिघडतात.

बहुतेक जुन्या गाड्यांत तेल मोजायची पट्टी असते. गाडी पंधरावीस मिनिटे चालवून गरम करावी, सपाट जागी उभी करावी, ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवरून एकदा फिरवावा, आणि इंजिन चालू ठेवून पार्कमध्ये पट्टी काढावी. मात्र ही पद्धत सर्वांची नाही. होंडाच्या गाड्यांत इंजिन बंद केल्यावर लगेच मोजतात, काही गाड्यांत न्यूट्रलमध्ये. गाडीच्या पुस्तिकेत असेल ते प्रमाण मानावे. जास्त तेलही वाईट. फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरवत नाही.

पट्टीवरचे तेल पांढऱ्या कागदी रुमालावर टिपावे. लाल, पारदर्शक असेल तर उत्तम. विटकरी झाले असेल तर वय झाले एवढेच. काळपट असेल आणि फोडणी करपल्यासारखा वास येत असेल तर क्लचच्या चकत्या जळत आहेत. गुलाबी मिल्कशेकसारखे दिसले तर मात्र गाडी तेथेच उभी करावी. ट्रान्समिशनचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आतून फुटली की तेल आणि कूलंट एकत्र होतात, आणि पाण्याने चकत्यांवरचा गोंद सुटू लागतो. अशी गाडी चालवलेला प्रत्येक मैल महाग पडतो.

तेल कमी असेल तर ते गेले कोठे, हा पुढचा प्रश्न. इंजिन ते जाळत नाही, म्हणून कमी झाले याचा अर्थ सामान्यत: गळले. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी लाल डाग कोठे पडला यावरून तळाच्या तसराळ्याचे गॅस्केट, ॲक्सलचे सील, की पुढचे सील याचा अंदाज येतो. आमच्या मिशिगनसारख्या राज्यांत रस्त्यावर मीठ पडते. कूलरकडे जाणाऱ्या पोलादी नळ्या त्याने गंजून पाझरतात. ती दुरुस्ती स्वस्तातली असते. वेळेवर लक्षात आली तर.

तेलाच्या जातीबद्दल दोन शब्द. ट्रान्समिशनचे तेल केवळ निसरडे असून चालत नाही. क्लचने किती घसरून मग कितपत पकडायचे, हे त्यातल्या द्रव्यांवर ठरते. एके काळी या कामासाठी स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल वापरत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने ते बंद केल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. म्हणून डेक्स्रॉन, मर्कॉन, टोयोटाचे वेगळे, होंडाचे वेगळे, क्राइस्लरचे वेगळे, अशा जाती आहेत. पुस्तिकेत लिहिलेली सोडून दुसरी जात घालणे म्हणजे पुरणपोळीला ज्वारीचे पीठ घेण्यासारखे आहे.

लक्षणांची वही

"गाडी नीट चालत नाही" हे लक्षण नव्हे. मला फोन करणाऱ्यांना मी एक वही ठेवायला सांगतो. गाडी थंड होती की गरम? वेग किती? इंजिनाचे फेरे किती? पाय किती दाबला होता? कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना? सॉफ्टवेअरमध्ये जो दोष हुकमी पुन्हा घडवता येतो तो अर्धा सुटलेला असतो. गाडीचेही तसेच आहे.

लक्षणांचे ढोबळ अर्थ असे. सकाळी ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गाडी दोनतीन सेकंद विचार करून मग झटक्याने निघते, याचा अर्थ दाब उशिरा चढतो: तेल कमी, गाळणी तुंबलेली, किंवा आतली रबरी सील थंडीने व वयाने कडक झालेली. इंजिन गुरगुरते, फेरे चढतात, पण वेग वाढत नाही, ही घसरण: एकतर दाब अपुरा, नाहीतर चकत्या झिजलेल्या.

गिअर बदलतानाची लक्षणे समजायला खो-खो आठवावा. एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो, ही देवघेव एका क्षणात व्हावी लागते. खो मिळाल्यावर नवा गडी उठायला उशीर करतो तेव्हा मधल्या क्षणी कोणीच धरलेले नसते, इंजिन मोकळे पळते आणि काटा उसळतो. उलट, पहिला बसायच्या आतच दुसरा धावू लागला तर दोघे एकमेकांना अडवतात, आणि गाडीला ब्रेक लागल्यासारखा धक्का बसतो. उसळी आणि धक्का ही दोन वेगळी लक्षणे आहेत. वहीत ती वेगळी लिहावीत.

चोर सोडून संन्याशाला सुळी

पेटीवर आळ येतो आणि गुन्हेगार बाहेरच असतो, असे नेहमी घडते. इंजिनाचा एक स्पार्क प्लग चुकतो तेव्हा गाडी थरथरते, आणि ते गिअरचे दुखणे वाटते. इंजिन धरून ठेवणारे रबराचे माउंट फाटले की गिअर टाकताना खण्‌कन आवाज येतो. ॲक्सिलरेटरकडून पेटीकडे जाणारी केबल सैल झाली, किंवा थ्रॉटलचा सेन्सर चुकीचे सांगू लागला, की गिअर भलत्याच वेळी बदलतात. बॅटरी किंवा तिची जमिनीची तार कमजोर असली तर संगणकच गोंधळतो. आणि दांडा पार्कमधून निघतच नसेल, तर आधी मागचे ब्रेकचे दिवे लागतात का ते पाहावे. ब्रेकचा स्विच गेला तर ते कुलूप उघडत नाही.

थरथरीचा उलगडा करायची एक सोपी चाचणी आहे. ५० ते ५५ मैलांच्या स्थिर वेगात, मोकळ्या सपाट रस्त्यावर, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श करावा. दिवा लागेल इतकाच. संगणक लॉकअप सोडतो आणि इंजिनाचे फेरे दोनचारशेंनी वर जातात. त्याच क्षणी थरथर थांबली तर संशय कन्व्हर्टरच्या क्लचवर. अशी थरथर कधीकधी योग्य जातीचे ताजे तेल घातल्यानेच जाते. ब्रेकला पाय लावूनही थरथर तशीच राहिली, तर इंजिन, टायर किंवा ॲक्सलकडे वळावे. फेरे मुळात बदललेच नाहीत, तर लॉकअप लागतच नव्हते. मागे गाडी असताना हा प्रयोग करू नये. तिच्या चालकाला आपले नियंत्रणशास्त्र ठाऊक नसते.

दोन बिटांचे कोडे

आता माझ्या आवडीचा भाग. जनरल मोटर्सची ४एल६०-ई नावाची चार गिअरांची पेटी १९९०च्या दशकापासून असंख्य गाड्यांत बसलेली आहे. तिचे गिअर अ आणि ब या दोन सोलेनॉइडवर ठरतात:

पहिला गिअर: अ चालू, ब चालू.
दुसरा गिअर: अ बंद, ब चालू.
तिसरा गिअर: अ बंद, ब बंद.
चौथा गिअर: अ चालू, ब बंद.

संगणकशास्त्र शिकलेल्या वाचकांनी ओळखले असेल, हा ग्रे कोड आहे. दर वेळी एकच बिट बदलतो. आता समजा अ कायमचा बंद राहिला. पहिला मागितला तर दुसरा मिळेल, चौथा मागितला तर तिसरा मिळेल. म्हणजे गाडीत दुसरा आणि तिसरा एवढेच उरतील. अ कायमचा चालू राहिला तर पहिला आणि चौथा. ब बंद पडला तर तिसरा आणि चौथा. ब चालूच राहिला तर पहिला आणि दुसरा. वीज पूर्ण गेली तर दोन्ही बंद, म्हणजे फक्त तिसरा. रिव्हर्स मात्र शाबूत राहतो, कारण तो दांड्याने हलणाऱ्या व्हॉल्व्हमधून मिळतो.

असाच दुसरा तक्ता क्लचांचा असतो. याच पेटीत दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला एक पट्टा समाईक आहे, तर तिसऱ्या आणि चौथ्याला एक क्लच समाईक. दुसरा आणि चौथा घसरत असेल व तिसरा ठणठणीत असेल, तर पट्टा पाहावा. तिसरा आणि चौथा दोन्ही जात असतील, तर एकतर तो क्लच किंवा ब सोलेनॉइड. या दोहोंत फरक कसा करायचा? ब चालूच अडकला असेल तर गाडी दुसऱ्यातच राहील, पण घसरणार नाही. क्लच जळला असेल तर तिसरा मागताच इंजिन मोकळे पळेल आणि तेलाला वास येईल. एवढ्या फरकावर निदान उभे राहते.

प्रत्येक पेटीचा तक्ता निराळा असतो, आणि तो तिच्या दुरुस्तीच्या पुस्तकात छापलेला असतो. सार्वजनिक वाचनालयात अशी पुस्तके मिळतात. कोणते गिअर गेले आणि कोणते शिल्लक आहेत हे वहीत नीट लिहिले असेल, तर तक्ता समोर ठेवून पंधरा मिनिटांत संशयितांची यादी दोनतीन नावांवर येते.

संगणकाची साक्ष

१९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक मोटारीत डॅशबोर्डखाली निदानाचा एकसारखा सॉकेट आहे. त्यात लावायचे साधे यंत्र फार महाग नाही, आणि सुट्या भागांची अनेक दुकाने कोड फुकट वाचून देतात. पी ०७०० याचा अर्थ इतकाच, की ट्रान्समिशनच्या संगणकाला काही सांगायचे आहे. स्वस्त यंत्राला पुढचे वाचता येत नाही, तेव्हा चांगले यंत्र असलेल्याकडे जावे. पी ०७१५ आणि पी ०७२० हे वेगाच्या सेन्सरांकडे बोट दाखवतात, पी ०७५० च्या आसपासचे सोलेनॉइडकडे, पी ०७४० व पी ०७४१ लॉकअपकडे. पी ०७३१ ते पी ०७३५ यांत शेवटचा आकडा गिअरचा असतो: त्या गिअरमध्ये आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वेगांचे गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे बहुधा घसरण आहे.

कोड म्हणजे साक्षीदाराचा जबाब, न्यायाधीशाचा निकाल नव्हे. सोलेनॉइडचा कोड आला तर सोलेनॉइड वाईट असेल, त्याची तार तुटली असेल, किंवा जोडणीत पाणी शिरून गंज चढला असेल. आधी तार आणि जोडणी पाहावी. त्याला पैसे पडत नाहीत.

दोन गाड्या, दोन निकाल

आमच्या मंडळातील एक भगिनी वृद्धांच्या घरी जाऊन सेवा करण्याचे काम करतात. दिवसाला तीन घरे, तिन्ही वेगवेगळ्या गावांत. बसची सोय नाही. गाडी सोळा वर्षांची. एका दुकानाने ट्रान्समिशन गेले असे सांगून ३८०० डॉलरचा आकडा लिहून दिला होता, आणि त्या क्रेडिट कार्डावर कर्ज काढायच्या बेतात होत्या. "दादा, गाडी गेली तर काम गेलं, आणि काम गेलं तर घराचं भाडं कुठून देऊ? एकदा बघा तरी," त्या म्हणाल्या.

गाडी सिग्नलवरून उठताना म्हशीसारखी जड उठत होती, पण एकदा निघाली की कोठेही घसरत नव्हती. गिअर बदलतच नव्हते. रिव्हर्स उत्तम. तेल लाल, वास नाही. आता वरचा तक्ता आठवा. पेटी एकाच गिअरमध्ये अडकली आहे, घसरत नाही, रिव्हर्स शाबूत आहे: आतले क्लच निरोगी असून संगणकाने स्वसंरक्षणासाठी हात वर केले आहेत, असे हे चित्र. चांगल्या यंत्राने कोड वाचला तेव्हा बाहेर जाणाऱ्या वेगाच्या सेन्सरचा निघाला. गाडीखाली पाहिले तर त्या सेन्सरची जोडणी मिठाने हिरवी पडलेली. दुसऱ्या एका छोट्या दुकानात सेन्सर आणि जोडणी बदलून घेतली. बिल २४० डॉलर. ती गाडी पुढे अडीच वर्षे चालली.

दुसरी गाडी माझी स्वत:ची. १,९०,००० मैल झालेली, मुलीला जन्मानंतर इस्पितळातून घरी आणलेली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना काटा उसळू लागला. आधी फक्त गरम झाल्यावर, मग नेहमी. तेल काळपट, करपलेले. कोड पी ०७३३. तळाचे तसराळे उघडले. आतल्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट असणे हे वयोमानाचे लक्षण, त्याची चिंता नसते. येथे मात्र तळाशी काळा चिखल आणि चकत्यांचे कपटे होते. ही तिसरी पातळी. गाडीची किंमत जेमतेम १८०० डॉलर, पेटी नव्याने बांधायचा खर्च ३००० च्या वर. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. पण हिशेब स्पष्ट होता. गाडी भंगारात दिली.

दोन्ही निकालांना एकच पद्धत लागली, आणि म्हणूनच दोन्हींवर विश्वास ठेवता आला. निदान हे गाडी वाचवण्यासाठी असते तसेच ती सोडून देण्यासाठीही असते. "कदाचित वाचली असती" ही रुखरुख उरत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

दुकानात गेल्यावर

सगळे मेकॅनिक लबाड असतात असा माझा मुळीच अनुभव नाही. पुष्कळदा घाई असते, आणि "पेटीच बदला" हा त्यांच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित सल्ला असतो. नवी पेटी घातली की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही. आपण मात्र इंग्रजीच्या उच्चाराचा संकोच, किंवा "यांना जास्त कळते" अशा भिडेपायी गप्प बसतो, ते बरोबर नव्हे. वही पुढे ठेवावी. कोड कोणता आला, तेलाचा दाब मोजला का, तसराळे उघडून पाहिले का, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. निदानाची वेगळी फी मागितली तर खळखळ न करता द्यावी. ती सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. मोठ्या कामासाठी दुसऱ्या ठिकाणी विचारावे. मिशिगनमध्ये १९७४ च्या कायद्याने ठरावीक रकमेवरच्या कामाचा लेखी अंदाज मागता येतो, आणि काढलेले जुने भाग परत मागता किंवा निदान पाहता येतात. आपल्या राज्याचा कायदा काय म्हणतो ते पाहून ठेवावे.

जुन्या पेटीत नवे तेल घातले की ती मरते, असे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो: पेटी घसरू लागल्यावर माणसाला तेलाची आठवण होते, आणि आधीच मरणपंथाला लागलेल्या पेटीचा दोष नव्या तेलाला मिळतो. तेल विटकरी असून गिअर नीट असतील तर ते बदलावे. तळाचे तसराळे उघडून जेवढे निघेल तेवढेच काढावे, गाळणी बदलावी, आणि काही महिन्यांनी पुन्हा तसेच करावे; पुष्कळसे तेल कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते, ते एका खेपेत निघत नाही. तेल जळालेले आणि चकत्या गेलेल्या असतील, तर नवे तेल काही चमत्कार करणार नाही.

आणि पेटीचा मोठा शत्रू उष्णता, हे विसरू नये. चार माणसे आणि डिकीभर सामान घेऊन स्मोकी माउंटन्सचा चढ चढताना पेटी दोन गिअरांमध्ये हेलकावे खाऊ लागली, तर ओव्हरड्राइव्ह बंद करावा. पुढे जाणाऱ्या गाडीला पूर्ण थांबवल्याशिवाय रिव्हर्समध्ये टाकू नये. आणि वर्षातून दोन वेळा, दिवाळीला आणि गुढीपाडव्याला म्हणा हवे तर, पट्टी काढून तेल पांढऱ्या रुमालावर टिपून पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे. मुलांनाही बरोबर घ्यावे. लाल, विटकरी आणि काळे यांतला फरक त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.